मेहबूब खान शाळेत कुठे गेले होते?



या महिन्यात शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरावेत यावर लिहायचे आम्ही ठरवले होते. मागच्या अंकात तसे कबूलही केले होते. पण एका विद्यार्थ्याने वर्गात असा प्रश्न विचारला, की तो बाजूला सारून अर्जांकडे वळणे आम्हाला जमले नाही. अर्जांचे पुढच्या महिन्यात पाहू.

आमच्या उर्दू शाळेत आम्ही नववी-दहावीला मराठी आणि उर्दू शिकवतो. नववीतला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवड्यातून दोन-तीन दिवसच येऊ लागला. वडील रिक्षा चालवतात, मामूंचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. मुलगा तिथे बसू लागला होता. आम्ही त्याला बोलावून समजावू लागलो, तसा तो म्हणाला, "सर, मेहबूब खान कुठे शाळेत गेले होते? त्यांनी तर 'मदर इंडिया' काढला."

मोबाइलवर कुठेतरी दोन मिनिटांची चित्रफीत त्याने पाहिली होती. शाळेचे तोंड न पाहिलेला मुलगा तबेल्यातून निघून केवढा मोठा दिग्दर्शक झाला, अशी. मुलाचे उदाहरण चुकीचे नव्हते, म्हणूनच आमची अडचण झाली. आम्ही त्याला म्हणालो, "दोन दिवस दे. तुझ्या मेहबूब खानांविषयी बोलू." जे त्याला सांगितले आणि त्यातून जे पुढे घडले, ते इथे लिहीत आहोत.

काही वाचकांना वाटेल, घरगुती मासिकात सिनेमाची चर्चा कशाला? सिनेमा पाहावा की पाहू नये, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. आम्ही एका माणसाच्या आयुष्याविषयी बोलत आहोत. हा माणूस आपल्यातला होता, नमाजी होता आणि त्याच्या हातून मोठे काम झाले. तेवढ्यासाठी वाचावे.

मेहबूब खान रमजान खान यांचा जन्म 9 सप्टेंबर 1907 चा. गुजरातेतले बिलिमोरा हे त्यांचे गाव, तेव्हा बडोदा संस्थानात होते. घरची गरिबी. शाळेचे शिक्षण जवळजवळ झालेच नाही. किशोरवयात मुंबई गाठली, ती सिनेमाच्या ओढीने. पण मुंबईत आधी हाताला लागली ती घोड्यांची चाकरी. सिनेमावाल्यांना घोडे पुरवणाऱ्याच्या तबेल्यात नाल ठोकण्याचे काम त्यांनी केले. पुढे अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत 'एक्स्ट्रा' म्हणून घेतले गेले. 1927 च्या 'अलीबाबा आणि चाळीस चोर' या मूकपटात रांजणात लपलेल्या चोरांपैकी एक चोर ते होते, असे सांगतात. पडद्यावर रांजण दिसणार, माणूस दिसणार नाही!

1931 मध्ये भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला. त्याच्या नायकासाठी मेहबूब यांचे नाव विचारात होते, पण भूमिका गेली मास्टर विठ्ठल यांच्याकडे. विठ्ठल तेव्हाचे लोकप्रिय मराठी नट होते. एखाद्याने तिथेच निराश होऊन गावचा रस्ता धरला असता. मेहबूब मात्र सागर मूव्हीटोन या कंपनीत लहानसहान भूमिका करत राहिले, आणि भूमिका नसेल तेव्हा कॅमेऱ्याच्या मागे काय चालते ते पाहत राहिले. 1935 मध्ये त्यांना पहिला चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला. त्याचे नाव 'अल हिलाल'.

इथे आम्ही मुलाला थांबवून विचारले, "मुंबईला येऊन दिग्दर्शक होईपर्यंत किती वर्षे गेली असतील?" त्याने बोटांवर मोजले आणि गप्प बसला. 'अलीबाबा'च्या रांजणापासून मोजले तरी आठ वर्षे होतात. आपल्या शाळेत पाचवी ते दहावी सहा वर्षांत होते. शाळा चुकली तरी शिकणे काही चुकले नव्हते, आणि ते शिकणे शाळेपेक्षा स्वस्तही नव्हते.

दुसरी गोष्ट. मेहबूब खानांना लिहिण्या-वाचण्यातली आपली उणीव ठाऊक होती आणि ती त्यांनी झाकून ठेवली नाही. ज्याला जे येते त्याला त्यांनी जवळ केले. 'अल हिलाल'पासून कॅमेरा सांभाळला फरेदून इराणींनी, आणि ही सोबत शेवटच्या चित्रपटापर्यंत टिकली. संवाद लिहायला वजाहत मिर्झा आणि अली रझा यांच्यासारखे कसलेले लेखक, गीतांना शकील बदायुनी, संगीताला नौशाद. स्वतः न शिकलेला माणूस शिकलेल्यांचा द्वेष करू शकतो, किंवा त्यांच्यापुढे दबून राहू शकतो. मेहबूब यांनी दोन्ही केले नाही. शिकलेल्यांकडून काम घेतले आणि त्या कामाची कदर केली.

आमच्या विद्यार्थ्याला माहीत नसलेली एक गोष्ट आणखी आहे. 1947 मध्ये मेहबूब यांनी 'ऐलान' नावाचा चित्रपट काढला. मुस्लिम घरातली कथा, आणि तिचा सांगावा हा, की आपल्या समाजाला शिक्षणाची गरज आहे. देशाची फाळणी होत होती, माणसे जीव मुठीत धरून इकडून तिकडे जात होती. त्या वर्षी शाळा न शिकलेला हा दिग्दर्शक मुसलमानांना सांगत होता, मुलांना शिकवा. "शाळेत न जाऊन चालते," असे त्याला वाटत असते, तर हा चित्रपट त्याने काढला नसता.

त्यांच्या चित्रपटांची सगळी यादी देण्याचे हे ठिकाण नाही. तरी थोडी नावे सांगायला हवीत, म्हणजे माणूस किती तऱ्हांनी विचार करत होता ते कळेल. 1942 चा 'रोटी' पैशाच्या हव्यासावरचा. त्याच्या शेवटी धनवान माणूस गाडीत सोने भरून वाळवंटात अडकतो आणि पाण्याच्या घोटासाठी तडफडून मरतो. 1945 च्या 'हुमायूँ'मध्ये अशोककुमार यांनी बादशहाची भूमिका केली. 1946 चा 'अनमोल घडी' नूरजहाँ आणि सुरैया यांच्या गाण्यांसाठी आपल्या आई-वडिलांच्या पिढीला पाठ होता. 1949 च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार, राज कपूर आणि नर्गिस एकत्र आले. 1952 चा 'आन' रंगीत होता आणि लंडनमध्येही दाखवला गेला. 1954 मध्ये वांद्र्याला हिल रोडवर त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. तो मेहबूब स्टुडिओ आजही त्याच नावाने ओळखला जातो. घोड्यांना नाल ठोकायला मुंबईत आलेल्या माणसाचे नाव त्याच मुंबईत पाटीवर लागले.

त्यांच्या संस्थेच्या चिन्हात विळा-हातोडा असे, आणि त्यावर ऐकू येई खुदाच्या मर्जीची ग्वाही देणारा उर्दू शेर. लोकांना याचे नवल वाटे, की हा माणूस साम्यवादी की नमाजी? आम्हाला त्यात विसंगती दिसत नाही. कष्टकऱ्याची बाजू घ्यायची आणि भरवसा अल्लाहवर ठेवायचा, यात नवे काय आहे? आपल्या मोहल्ल्यातली अर्धी माणसे असेच जगतात.

आता 'मदर इंडिया'कडे येऊ, कारण मुलाने दाखला त्याचाच दिला होता.

ही कथा मेहबूब यांनी दोनदा सांगितली. आधी 1940 मध्ये 'औरत' या नावाने. त्यात नायिका होत्या सरदार अख्तर, ज्यांच्याशी पुढे 1942 मध्ये त्यांचा निकाह झाला. मग 17 वर्षांनी, 25 ऑक्टोबर 1957 रोजी, 'मदर इंडिया' या नावाने. कॅथरीन मेयो नावाच्या अमेरिकन बाईने 1927 मध्ये याच नावाच्या पुस्तकात भारताची आणि भारतीय बायकांची नालस्ती केली होती. तिला उत्तर म्हणून मेहबूब यांनी तेच नाव घेतले. नर्गिस झाल्या राधा. सुनील दत्त आणि राजेंद्रकुमार तिचे मुलगे, राजकुमार तिचा नवरा. सावकार सुखीलाला मात्र दोन्ही चित्रपटांत एकच, कन्हैयालाल. माणूस सतरा वर्षांनी तीच गोष्ट परत सांगतो आणि सावकारही तोच ठेवतो, याचा अर्थ ती गोष्ट त्याच्या मनातून गेलेली नसते.

कथा बहुतेकांना माहीत आहे. राधाच्या लग्नासाठी सासूने सावकाराकडून 500 रुपये काढलेले असतात. कर्जाच्या अटी काय ठरल्या, यावर वाद होतो. सासू एक सांगते, कागद दुसरेच सांगतो. कागद सावकाराने लिहिलेला, आणि घरात वाचता येणारे कोणी नाही. पंच निवाडा सावकाराच्या बाजूने देतात. तेव्हापासून पिकाचे तीन हिस्से व्याजापोटी लालाच्या घरी आणि एक हिस्सा राबणाऱ्याच्या घरी. पुढे जे घडते, नवऱ्याचे हात जाणे, पूर, उपासमार, लेकरांचे मरण, धाकट्या बिरजूचे डाकू होणे, त्या सगळ्याच्या मुळाशी हा एक कागद आहे. बिरजू शेवटी लालाला मारतो, त्याआधी त्याच्या वह्या जाळतो. ज्या अक्षरांनी घर बुडवले आणि जी आपल्याला कधी वाचता आली नाहीत, ती अक्षरेच तो आगीत घालतो.

आम्ही हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो लहानपणी, दूरदर्शनवर. शेजारच्या घरी टीव्ही होता, अंगणभर माणसे बसली होती. आमच्या दादीमाँ सहसा अशा ठिकाणी येत नसत, त्या दिवशी आल्या. पंचांनी निवाडा दिला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ये तो अपनीच बात है." आम्हाला तेव्हा काही समजले नाही. पुढे अब्बांनी सांगितले. दादाजींच्या इंतकालनंतर दादीमाँनी एका कागदावर अंगठा उठवला होता. विहिरीजवळची दोन एकर जमीन एका वर्षासाठी कसायला द्यायची, असे त्यांना सांगितले होते. वर्ष सरले, जमीन परत मिळाली नाही. कागदावर विक्री लिहिली होती. अब्बा तेव्हा सहा वर्षांचे होते. कुणी फसवले त्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही, ती माणसेही गेली आणि दादीमाँही गेल्या. पण आम्ही मास्तर का झालो असे कुणी विचारले, तर आम्हाला बीएडची पदवी आठवत नाही, दादीमाँचा अंगठा आठवतो.

दादीमाँ अडाणी होत्या, असे मात्र कुणी म्हणू नये. शेती, घर, सहा माणसांचे पोट त्यांनी एकटीने सांभाळले. खरे-खोटे त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळे. 'मदर इंडिया'तल्या राधालाही अक्षर येत नाही, पण न्याय कळतो. बिरजूचा राग खरा आहे हे तिला ठाऊक आहे. लाला लबाड आहे हेही ठाऊक आहे. तरीही त्याच लालाच्या मुलीला बिरजू लग्नातून उचलून नेऊ लागतो, तेव्हा ती बंदूक उचलते आणि पोटच्या मुलाला गोळी घालते. गावच्या लेकीची अब्रू तिला मुलाच्या जिवापेक्षा मोठी वाटते. इन्साफ करताना आपला-परका पाहू नये, स्वतःच्या रक्ताच्या विरुद्धही साक्ष द्यावी लागली तर द्यावी, ही शिकवण आपल्या घरांतून लहानपणीच कानावर पडते. मेहबूब यांनी ती एका शेतकरी हिंदू बाईच्या कथेत दाखवली, आणि साऱ्या देशाला ती आपली वाटली.

शहाणपण शाळेतच मिळते असे नाही, हे आम्ही मुलाजवळ मान्य केले. पण राधाजवळ शहाणपण होते, हिंमत होती, मेहनत होती. तरी कागद वाचता न आल्याने तिचे सगळे गेले. ही गोष्ट कुण्या पंडिताने सांगितलेली नाही. ज्याच्या वाट्याला शाळा आली नाही त्याने सांगितली आहे. दोनदा सांगितली आहे.

पुढचे थोडक्यात. 'मदर इंडिया' 1958 च्या ऑस्करसाठी परदेशी चित्रपटांच्या विभागात नामांकित झाला. भारताने या विभागात पाठवलेला तो पहिलाच चित्रपट. पुरस्कार मात्र इटलीच्या फेलिनी यांच्या चित्रपटाला गेला. त्याच वर्षी नर्गिस यांना कार्लोवी व्हॅरीच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. चित्रपटात लहान बिरजू झालेला साजिद खान हा गरीब घरातला मुलगा. मेहबूब आणि सरदार अख्तर यांनी त्याला आपल्या घरी मुलासारखे वाढवले. त्यानंतरचा 'सन ऑफ इंडिया' 1962 मध्ये आला, तो चालला नाही. 1963 मध्ये सरकारने मेहबूब यांना पद्मश्री दिली. 27 मे 1964 ला पंडित नेहरू गेले आणि दुसऱ्याच दिवशी, 28 मे रोजी, मेहबूब खान यांचे निधन झाले. वय अवघे 56. मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात त्यांची कबर आहे.

एवढे सगळे ऐकून मुलगा काही बोलला नाही. आम्हाला वाटले, आमचे बोलणे वाया गेले. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आला. म्हणाला, "सर, हे अब्बांच्या रिक्षाच्या कर्जाचे आहेत. अब्बांनी सह्या केल्यात. आत काय लिहिलंय कुणालाच माहीत नाही."

बारीक टाइपातली इंग्रजी पाने. प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने फुली केलेली आणि तिथे त्याच्या वडिलांची मोडीतोडी उर्दू सही. आम्हाला दादीमाँ आठवल्या. अंगठ्याऐवजी सही आली, एवढाच फरक. सही करता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे, आणि आपल्या घरोघरी अशा न वाचता केलेल्या सह्या पडलेल्या आहेत.

शाळा सुटल्यावर तीन दिवस आम्ही दोघे शब्दकोश घेऊन बसलो. आमचे इंग्रजीही काही फार चांगले नाही. पण एकेक शब्द काढत गेलो. हप्ता उशिरा भरला तर रोजचा दंड किती, ते कळले. कर्जाच्या रकमेत एका विम्याचे पैसे मिळवले होते, ज्याविषयी वडिलांना काहीच माहिती नव्हती. तो विमा सक्तीचा नाही असे त्याच कागदावर पुढे लिहिले होते. मुलाने ती ओळ स्वतः शोधली. तिच्याखाली रेघ मारताना त्याचा हात थोडा थरथरत होता. वडिलांना घेऊन तो कर्ज देणाऱ्यांच्या कार्यालयात गेला. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या वर्षापासून विमा बंद करून घेता आला. रक्कम फार मोठी नव्हती, पण रिक्षावाल्याच्या घरात ती लहानही नसते.

त्याचे वडील नंतर शाळेत आले. दारातच उभे राहून म्हणाले, "सर, तिथल्या साहेबानं पोराला खुर्ची दिली. मला आजवर कधी दिली नव्हती."

मुलगा आता सकाळी शाळेत येतो आणि दुपारी गॅरेजवर जातो. ते काम त्याने सोडावे असे आम्ही म्हटले नाही. हातातला हुन्नर ही इज्जतीची गोष्ट आहे, मेहबूब यांनीही नाल ठोकण्यापासूनच सुरुवात केली होती. त्याचे मराठीचे गुण अजून बेताचेच आहेत. दहावीला काय होईल ते अल्लाह जाणे. पण आठवड्यात पाच दिवस तो बाकावर असतो.

वाचकांना एवढीच विनंती. या महिन्यात एका संध्याकाळी घरातली पेटी किंवा कपाट उघडा. न वाचता सही केलेला किंवा अंगठा उठवलेला एक तरी कागद सापडेल. कर्जाचा असेल, विम्याचा असेल, सातबाऱ्याचा असेल, भाडेपट्ट्याचा असेल. तो आपल्या मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. अडेल तिथे मास्तरांकडे पाठवा, त्यात कमीपणा नाही. मुलीला आवर्जून सांगा, कारण उद्या दुसऱ्या घरी गेल्यावर तिच्याही पुढे कुणीतरी कागद ठेवणार आहे.

पुढच्या महिन्यात शिष्यवृत्तीचे अर्ज. उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक आतापासून तयार ठेवा, आणि अर्ज भरण्यापूर्वी तो पूर्ण वाचा.